आनुषंगिक कृती आणि समीक्षेची नीती

१४ नोव्हेंबर २०१३ रोजी बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकल्पनामालिकेचा ‘द नाइट ऑफ द डॉक्टर’ हा जेमतेम सात मिनिटांचा लघुपट प्रसृत केला. १९९६ मधील एका दूरचित्रपटानंतर नायकाच्या भूमिकेत पडद्यावर पुन्हा न दिसलेले पॉल मॅकगॅन यात आठव्या डॉक्टरच्या रूपाने परतले. शरीर बदलण्यापूर्वीच्या अखेरच्या क्षणी हा डॉक्टर आपल्या पाच सहप्रवाशांची नावे घेतो : चार्ली, क्रिझ, लूसी, टॅमसिन आणि मॉली. यांपैकी एकही पात्र तोवर पडद्यावर आलेले नव्हते. बिग फिनिश या संस्थेने काढलेल्या श्रुतिकांमध्येच ती जन्मली आणि तेथेच वावरली. त्या दिवसापासून या श्रुतिकांविषयी एक विधान वारंवार केले जाऊ लागले, ते असे की त्या आता ‘खऱ्या’ झाल्या. चार्लीची पहिली श्रुतिका ‘स्टॉर्म वॉर्निंग’ ही जानेवारी २००१ मधली. मधल्या काळात तिच्यातील एकही शब्द बदललेला नव्हता, एकही विराम इकडचा तिकडे झालेला नव्हता. मग नेमके बदलले काय? आणि जे बदलले त्याचा साहित्यकृतीच्या मूल्याशी काही संबंध आहे काय?

हा प्रश्न वरवर पाहता एका रंजक मालिकेच्या चाहत्यांपुरता वाटतो. परंतु समीक्षा ज्या संकल्पनांच्या आधारे उभी असते (कृतीची स्वायत्तता, कर्तृत्व, संहितेची सीमा, आस्वादकाची पूर्वतयारी) त्या साऱ्या येथे एकदम ताणल्या जातात. शिवाय या प्रश्नाला नैतिक अंग आहे. कृतीला तिचे जे देणे आहे ते न देणे हा समीक्षकाकडून होणारा अन्याय असतो, आणि मालिकेला जोडून लिहिल्या गेलेल्या आनुषंगिक कृतींच्या बाबतीत हा अन्याय इतका नित्याचा आहे की तो अन्याय म्हणून ओळखलाही जात नाही.

वस्तुस्थिती थोडक्यात अशी. ‘डॉक्टर हू’ २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली, १९८९ मध्ये थांबली आणि २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. नायक परग्रहवासी; पोलिसांच्या निळ्या चौकीसारख्या दिसणाऱ्या टार्डिस या यानातून तो काळात आणि अवकाशात प्रवास करतो आणि मरणाच्या दारात पोचला की देह बदलून नवा अभिनेता होतो. या युक्तीमुळे मालिका अभिनेत्यांच्या आयुर्मर्यादेतून सुटली. तिला एक कर्ता कधीच नव्हता. मधल्या सोळा वर्षांत, एका दूरचित्रपटाचा अपवाद सोडता, पडदा रिकामा होता आणि मालिका पुस्तकांत आणि श्रुतिकांत जगली. जून १९९१ पासून व्हर्जिन या प्रकाशनसंस्थेने ‘न्यू अ‍ॅडव्हेंचर्स’ ही कादंबरीमाला काढली. जुलै १९९९ पासून बिग फिनिशच्या ‘डॉक्टर हू’ श्रुतिका येऊ लागल्या. दोहोंची मिळून संख्या शेकड्यांत जाते. परीक्षणांची संख्या त्याहून मोठी आहे, आणि त्या परीक्षणांच्या भाषेत एक शब्द सतत भेटतो : कॅनन.

या शब्दाचा कथासाहित्यातील प्रवास उद्बोधक आहे. १९११ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. बायबलच्या चिकित्सकांची पंडिती पद्धत होम्सला लावून त्या पद्धतीचीच थट्टा करावी हा त्यांचा हेतू. पुढे थट्टा गळून पडली आणि पद्धत तेवढी उरली. होम्सच्या बाबतीत तिला निदान आधार होता. कर्ता एक, कथा छप्पन्न आणि कादंबऱ्या चार. ‘डॉक्टर हू’च्या बाबतीत असा आधार नाही. कर्ते शंभरांहून अधिक, आणि कोणत्या कृती प्रमाण मानाव्यात याची अधिकृत यादी बीबीसीने कधीच केलेली नाही. जी सत्ता यादी करू शकली असती ती मौन राहिली. म्हणून यादी करण्याचे काम वाचकांनी आणि परीक्षकांनी आपल्याकडे घेतले. त्यांचा नियम साधारणतः एकच राहिला : पडदा आणि पुस्तक यांत विरोध आला तर पडदा बलवत्तर. पूर्वमीमांसेच्या परिचयाचा वाचक येथे थबकेल, कारण श्रुती आणि स्मृती यांत विरोध आल्यास श्रुती बलीयसी, हाच तो न्याय. (श्रुतिकांना मात्र या व्यवस्थेत स्मृतीचे स्थान मिळावे हा शब्दांचा विनोदच म्हणायचा.)

परंतु मीमांसकांच्या नियमामागे एक गरज आहे, आणि ती कथेच्या क्षेत्रात नाही. विधी आचरणासाठी असतो. दोन विधी परस्परविरुद्ध असतील तर दोन्ही पाळता येत नाहीत, एक निवडावाच लागतो. निवडीसाठी बलाबल ठरवावे लागते. कथेने मात्र काहीच आचरायला सांगितलेले नसते. दोन कथांत एका घटनेच्या दोन विसंगत हकिगती असतील तर वाचक दोन्ही वाचतो, दोन्हींत रमतो, आणि कोणाचेही काही बिघडत नाही. डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने १९७८ मधील आपल्या निबंधात कथेतील सत्याचा विचार करताना दाखवून दिले की काल्पनिक पात्राविषयीच्या अनेक विधानांमागे ‘अमुक कथेत’ हे पद अध्याहृत असते. ते पद उच्चारले की विरोध उरत नाही. ‘या कादंबरीत असे’ आणि ‘त्या भागात तसे’ ही दोन विधाने एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. विरोध निर्माण होतो तो कोणी ते पद गिळून टाकून ‘वस्तुतः काय घडले?’ असे विचारतो तेव्हा. हा प्रश्न विचारणे मानवी आहे. पात्रावर प्रेम जडले की तो सुचतोच. मात्र तो प्रेमाचा प्रश्न आहे, मूल्याचा नव्हे. परीक्षक पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात लिहितो तेव्हा अन्यायाला आरंभ होतो.

पुस्तके पडद्यापासून ढळली आणि म्हणून दुय्यम ठरली, असाही एक समज आहे. तो इतिहासाला धरून नाही. या मालिकेचे पहिले पुस्तक १९६४ मध्ये निघाले. डालेकांच्या कथेचे ते कादंबरीरूप होते. त्यात निवेदक आहे शिक्षक इयान, आणि त्याची डॉक्टरशी गाठ पडते ती धुके दाटलेल्या बार्न्स कॉमनवर, एका अपघातानंतर. पडद्यावरचा आरंभ सर्वस्वी वेगळा होता. शाळा, भंगारसामानाचे आवार, सारे पुस्तकातून गेले आहे. हे पुस्तक लिहिणारे डेव्हिड व्हिटेकर मालिकेचे पहिले कथासंपादक होते, म्हणजे कथासूत्र सांभाळण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती तेच. विसंगती पहिल्याच पुस्तकात आहे आणि ती सर्वांत अधिकारी हाताने केलेली आहे. व्हिटेकर यांना तीत काही वावगे वाटले असेल असे पुस्तकावरून दिसत नाही. वाचकाला एकाच बैठकीत कथेत ओढायचे तर आरंभ दुसरा हवा, एवढे त्यांना कळत होते.

पुढे १९७३ पासून टार्गेट या छापाखाली अशी कादंबरीरूपे मोठ्या प्रमाणात निघाली. त्यांतील साठांहून अधिक एकट्या टेरन्स डिक्स यांनी लिहिली. घरोघरी ध्वनिचित्रफिती येण्यापूर्वीच्या काळात एकदा प्रक्षेपित झालेला भाग पुन्हा पाहण्याचा मार्ग प्रेक्षकाला जवळजवळ नव्हता. ही पुस्तके हीच त्याची स्मृती होती. फिती आल्या आणि तीच पुस्तके अनावश्यक ठरली. येथेही २०१३ सारखाच प्रकार घडला, फक्त उलट दिशेने. शब्द तेच राहिले आणि दर्जा उतरला. संहितेचे स्थान तिच्या बाहेरच्या तंत्रव्यवस्थेने ठरावे आणि समीक्षेने त्या स्थानालाच मूल्य समजावे, हे वारंवार होत आले आहे.

प्रामाण्याचा निकष अशा रीतीने निकालात काढल्यावर एक सोपी वाट मोकळी होते. आनुषंगिक कृती ही इतर कोणत्याही कृतीसारखीच स्वायत्त मानावी, तिची अंतर्गत लय, रचना आणि भाषा पाहावी आणि मालिकेचे नावही घेऊ नये. मराठी समीक्षेला ही वाट परिचित आहे. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांच्या ज्या द्वंद्वाची चर्चा केली, त्यातील दुसऱ्या बाजूची ही भूमिका. पण ती येथे टिकत नाही. टार्डिसचा आवाज म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, अशा वाचकाच्या हाती ‘न्यू अ‍ॅडव्हेंचर्स’मधील एखादी कादंबरी दिली तर तिच्यातील अर्धे प्रसंग त्याला मुके वाटतील. डिक्स यांनी त्या आवाजासाठी एक ठरीव शब्दबंध रूढ केला होता. तो पुस्तकामागून पुस्तकात तसाच येत राहिला, जसे कीर्तनकाराच्या आख्यानात काही विशेषणे ठरलेल्या जागी येतात. स्वायत्त संहिता म्हणून पाहिले तर हा शब्दबंध म्हणजे साचा, म्हणजे दोष. पण मालिकेच्या वाचकाला त्या चार शब्दांत सुटकेचा सारा जुना अनुभव एकदम मिळतो. त्या अनुभवाचा साठा पुस्तकाबाहेर आहे. बाहेरचे काहीच पाहायचे नाही अशी प्रतिज्ञा करणारा समीक्षक कृतीला जे साधले आहे तेही पाहू शकत नाही.

झेरार झेनेत यांची पूर्वसंहिता-उत्तरसंहितेची मांडणी (१९८२) येथे काही अंतरापर्यंत उपयोगी पडते. तीत पूर्वसंहिता पुरी झालेली असते. ‘युलिसिस’ लिहिले गेले तेव्हा ‘ओडिसी’ बदलण्याची शक्यता संपलेली होती. चालू मालिकेच्या बाबतीत पूर्वसंहिताच अजून घडते आहे, आणि ती उद्या आपल्या उत्तरसंहितेवरून रेघ मारू शकते किंवा तिला गिळूनही टाकू शकते.

येथे आनंदवर्धनांची आठवण होणे अपरिहार्य आहे. प्रख्यात इतिवृत्त घेऊन लिहिणाऱ्या कवीने काय करावे याचा विचार ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात आहे. मूळ कथेतील जे रसाला अनुकूल नाही ते सोडून द्यावे, रसाला उपकारक असे दुसरे कल्पून घ्यावे; मात्र ज्या कथांचा रस सिद्ध झालेला आहे तेथे रसविरोधी स्वेच्छा चालवू नये, असा त्याचा आशय. मर्यादा आहे, पण ती घटनांची नाही, रसाची आहे. ही भूमिका स्वीकारली तर परीक्षणाचा रोख बदलतो. कादंबरीतली तारीख पडद्यावरच्या तारखेशी जुळत नाही ही तक्रार निरर्थक ठरते. परंतु दुर्बलाच्या बाजूने शस्त्राविना उभा राहणारा नायक केवळ थरारासाठी संहार करू लागला तर ती तक्रार अर्थपूर्ण ठरते. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली. त्यांतले कोणते खरे असे विचारण्याचे कोणा रसिकाला सुचले नाही.

तरीही हे साम्य जपून वापरले पाहिजे. रामकथेचा रस अनेक शतकांच्या परंपरेत सिद्ध झाला होता. सहा दशकांच्या, बाजारासाठी निर्माण होणाऱ्या, दर काही वर्षांनी निर्माता बदलणाऱ्या मालिकेचा सिद्ध रस कोणता हे कोणी ठरवायचे? १९६३ मधला डॉक्टर आरंभी स्वार्थी आणि संशयी म्हातारा होता. करुणा त्याच्यात हळूहळू आली. ‘मालिकेचा आत्मा’ असे परीक्षक म्हणतात तेव्हा बहुधा त्यांच्या बालपणीची चार-पाच वर्षे एवढेच त्यांना अभिप्रेत असते. रसाचा निकष घटनेच्या निकषाहून श्रेष्ठ आहे, पण तो स्वयंसिद्ध नाही. प्रत्येक वेळी तो युक्तिवादाने मांडावा लागेल, आणि मांडणाऱ्याने आपल्या आठवणीला परंपरा म्हणून खपवता कामा नये.

याहून नेमकी कसोटी हवी असेल तर ती ऋणाच्या कल्पनेत सापडेल. आनुषंगिक कृती लिहिणारा लेखक कोरी पाटी घेऊन बसत नाही. वाचकाच्या मनात दुसऱ्यांनी, अनेक वर्षांत, भूमिका जगून आणि वाक्ये लिहून जमवलेले प्रेम असते. लेखक त्यातून उचल करतो. नायक जखमी झाला की वाचक कळवळतो. ती कळवळ या पुस्तकाने कमावलेली नसते. ही उचल गैर नाही, किंबहुना या प्रकाराची ती अटच आहे. प्रश्न असा की उचल घेऊन लेखकाने काय केले? नुसती खर्चून टाकली, की तिच्यावर काही उभे केले? आणि परीक्षकाला विचारायचा प्रश्न असा की जी भावना जागी झाली ती कोणाच्या श्रमाची होती? हा प्रश्न न विचारता ‘शेवट हेलावून टाकतो’ असे लिहिणे म्हणजे एकाचे श्रेय दुसऱ्याच्या पदरात टाकणे होय.

पॉल कॉर्नेल यांची ‘लव्ह अँड वॉर’ (१९९२) या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. डॉक्टर आणि त्याची तरुण सहप्रवासिनी एस यांच्यातला जिव्हाळा पडद्यावर १९८७ ते १९८९ या वर्षांत जमला होता. कादंबरी तो सगळा पणाला लावते. डॉक्टरच्या डावपेचात एसचा प्रियकर मरतो आणि ती संतापाने त्याला सोडून जाते. उचल मोठी आहे आणि ती बुडवलेली आहे, पण त्या बुडण्यातूनच डॉक्टरच्या धूर्तपणाची किंमत प्रथमच वाचकाच्या अंगावर येते. शिवाय त्याच पुस्तकात बर्निस समरफील्ड ही पुरातत्त्वज्ञ प्रथम अवतरते, आणि तिच्याविषयीची ओढ मात्र सर्वस्वी कादंबरीची स्वतःची कमाई आहे. पुढे काय झाले तेही महत्त्वाचे. १९९७ मध्ये डॉक्टरवर पुस्तके काढण्याचा हक्क व्हर्जिनच्या हातून गेला तरी बर्निसच्या कादंबऱ्या १९९९ पर्यंत निघत राहिल्या, आणि १९९८ मध्ये बिग फिनिशने ज्या श्रुतिकांनी आपले काम सुरू केले त्या तिच्याच होत्या. डॉक्टरच्या श्रुतिका त्यानंतरच्या. ऋणकोने येथे सावकाराला हात दिला.

कॉर्नेल यांचीच ‘ह्यूमन नेचर’ (१९९५) हे अधिक गुंतागुंतीचे उदाहरण. सातवा डॉक्टर स्वेच्छेने मनुष्य होतो, स्वतःला विसरतो आणि १९१४ मध्ये इंग्लंडमधील एका शाळेत जॉन स्मिथ नावाचा शिक्षक म्हणून राहतो. तेथे जोन या सहकारी शिक्षिकेच्या प्रेमात पडतो. २००७ मध्ये कॉर्नेल यांनीच हे कथानक दूरचित्रवाणीसाठी दोन भागांत पुन्हा लिहिले. या वेळी डॉक्टर दहावा होता. प्रामाण्यवादी परीक्षणाला यात एकच पेच दिसला : एकाच नायकाच्या आयुष्यात ही घटना दोनदा कशी घडेल? मग तर्क लढवले गेले आणि कादंबरी ‘रद्द’ झाल्याचे सांगितले गेले.

या गदारोळात दोन संहितांमधील खरे अंतर बाजूला पडले. कादंबरीत डॉक्टर मनुष्य होतो तो माणसाचे दुःख आतून कसे असते हे कळावे म्हणून. पडद्यावर तो शत्रूपासून लपण्यासाठी मनुष्य होतो. पहिल्या कृतीत जॉन स्मिथचा विनाश हा एका जिज्ञासेचा परिणाम आहे, आणि म्हणून जोनच्या उद्ध्वस्त आयुष्याची जबाबदारी अधिक टोचणारी आहे. दुसऱ्या कृतीत संकट बाहेरून येते, पण शेवटी जोन डॉक्टरला विचारते की तू येथे लपायला आला नसतास तर कोणी मेले असते काय, आणि डॉक्टरकडे उत्तर नसते. अपराध दोन्हीकडे आहे. त्याची जात निराळी आहे. तसाच टिम या विद्यार्थ्याचा प्रश्न. कादंबरीतला टिम युद्धात शस्त्र न घेता रेड क्रॉसमध्ये जातो. पडद्यावरचा टिम सैनिक म्हणून लढतो. एकाच लेखकाने बारा वर्षांच्या अंतराने शांततावादाविषयी दोन भिन्न उत्तरे दिली आहेत. ती दोन्ही समोर ठेवून विचार करणे हे खरे परीक्षणाचे काम होते. ‘रद्द’ या एका शब्दाने ते टळले, आणि कादंबरीचा नैतिक निर्णय, जो अनेकांना अधिक धीट वाटू शकेल, विचारात घेण्याच्याही लायकीचा उरला नाही.

रॉब शियरमन यांची ‘ज्युबिली’ (२००३) ही श्रुतिका तर उचलीविषयीच बोलते. पर्यायी इतिहासातील इंग्लंडने १९०३ मध्ये डालेकांचे आक्रमण मोडून काढले आहे. त्या विजयाच्या शताब्दीसाठी लंडनच्या टॉवरमध्ये एक एकटा डालेक छळ सोसत जिवंत ठेवला आहे. बाहेर डालेकांवर चित्रपट निघतात, त्यांच्या प्रतिमा विकल्या जातात. ज्या क्रौर्याचे ते प्रतीक होते त्याचा लोकांना विसर पडला आहे आणि तेच क्रौर्य त्यांच्या अंगी मुरले आहे. १९६४ च्या सुमारास खुद्द ब्रिटनमध्ये डालेक-खेळण्यांची जी लाट आली होती ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना शियरमन कोणाकडे बोट दाखवीत आहेत हे सांगावे लागत नाही. मालिकेच्या बाजारमूल्यावर जगणारी कृती त्या बाजारमूल्यालाच प्रश्न विचारते. २००५ मध्ये शियरमन यांनीच या कल्पनेवरून ‘डालेक’ हा भाग लिहिला आणि तो योग्यच वाखाणला गेला. मात्र त्यात बंदिवान डालेक एका धनाढ्य संग्राहकाच्या तळघरात गेला आणि सबंध समाजावरचा आरोप एका माणसावर आला. पडद्यावरची आवृत्ती अधिक प्रमाण खरी; ती अधिक सौम्यही आहे.

प्रामाण्याच्या पेचाइतकाच घातक असा दुसरा एक वाक्प्रयोग परीक्षणांत रुळलेला आहे : ‘या मालिकेच्या मानाने बरी’. वरवर पाहता ही उदारता आहे. प्रत्यक्षात तीत दोन अन्याय एकत्र आहेत. सामान्य कृतीला तिच्या सामान्यपणाची जाणीव करून दिली जात नाही, आणि चांगल्या कृतीला कुंपणाबाहेर येऊ दिले जात नाही. व्हर्जिनने अपरिचित लेखकांची हस्तलिखिते मागवली आणि छापली, म्हणून या माळेतील कित्येक पुस्तके त्या त्या लेखकाची पहिलीच होती. नवख्याशी मृदू असावे हे खरे, पण मृदुता वाक्यात असावी, मोजमापात नव्हे. पहिल्या कादंबरीत संवाद लांबले आहेत हे सांगणे निर्दयपणाचे नाही. संवाद लांबणारच, मालिकाच आहे, असे म्हणणे हा मात्र तुच्छतेचा प्रकार आहे, तो कितीही प्रेमाने केलेला असो. त्यात लेखक, संपादक आणि परीक्षक एकाच लहानशा वर्तुळातले असतात. हौशी पत्रिकेत परीक्षणे लिहिणारा उद्या त्याच माळेत लिहू लागतो. अशा वेळी खरे बोलणे महाग पडते, हे वेगळे सांगायला नको. मराठीत ते स्वस्त आहे असेही नाही.

श्रुतिकांकडे वळले की ऋणाचा हिशेब अधिक नाजूक होतो, कारण तेथे उचल देहाकडून घेतलेली असते. कॉलिन बेकर यांना १९८६ मध्ये भूमिकेवरून दूर करण्यात आले. त्यांचा डॉक्टर पडद्यावर उद्दाम आणि भडक ठरला होता. १९९९ नंतरच्या श्रुतिकांत तोच नट, तेच पात्र, परंतु भडक पोशाख दिसत नाही आणि समोर आहे पन्नाशी उलटलेली, कोणाच्या दाबाखाली न येणारी इतिहासाची प्राध्यापिका इव्हलिन स्माइथ. मॅगी स्टेबल्स यांच्या आवाजातील तिच्या कोरड्या ठामपणापुढे डॉक्टरच्या उद्दामपणाला उत्तर मिळते, आणि मग तो उद्दामपणा व्यक्तिमत्त्वाचा भाग म्हणून सोसवतो. याला पुनर्वसन म्हणण्याची प्रथा आहे. परंतु परीक्षकाने नटाविषयीच्या सहानुभूतीला गुण देऊ नयेत; द्यायचेच तर ‘द मॅरियन कॉन्स्पिरसी’ (२०००) सारख्या संहितेने संवादांतून या दोघांत जो तोल साधला त्याला द्यावेत.

एलिझाबेथ स्लेडन यांच्या बाबतीत हा विवेक राखणे याहून कठीण. सेरा जेन स्मिथ ही त्यांची भूमिका १९७३ पासून लोकप्रिय होती. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. २०२१ पासून बिग फिनिशच्या श्रुतिकांत सेरा जेनचा आवाज त्यांच्या कन्या सेडी मिलर यांचा आहे. ऐकणारा आधी साम्य शोधतो. ते सापडले की त्याचा गळा दाटतो, आणि तो दाटलेला गळा घेऊन परीक्षण लिहितो. येथे कठोर होणे अमानुष वाटेल, पण मृदू होण्यात मिलर यांच्यावरच अन्याय आहे. मुलीने आईची नक्कल किती केली याचे गुण देणे म्हणजे तिला अभिनेत्री म्हणून न ऐकणे. तिने कोठे आईची लकब सोडली, कोणत्या वाक्यात सेरा जेन तिची स्वतःची झाली, एखाद्या भयप्रसंगात आईने घेतला नसता असा विराम तिने का घेतला, हे ऐकायचे असेल तर ज्या आठवणीने डोळे भरले तिला थोडा वेळ बाहेर बसवावे लागते. ती आठवण खोटी नव्हे. ती श्रोत्याची आहे, आणि तिचे श्रेय वा ओझे मिलर यांच्यावर टाकता येत नाही.

श्राव्य माध्यमाचा एक सर्वसाधारण दोष येथेच नोंदवावा. दिसत नाही ते पात्राच्या तोंडून वदवून घेण्याची सवय या श्रुतिकांना फार आहे. पात्रे दारे उघडतात आणि दार उघडले असे सांगतात. आकाशवाणीवरील श्रुतिका ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्याला ही अडचण नवी नाही आणि तिच्यावरचे उपायही नवे नाहीत. ‘स्टॉर्म वॉर्निंग’मध्ये आर १०१ या विमाननौकेवर (१९३० मध्ये ती हिंदुस्थानकडे निघाली असता फ्रान्समध्ये कोसळून जळाली) डॉक्टर आरंभी बराच वेळ एकटाच स्वतःशी बोलत राहतो. संहिता म्हणून हा भाग ढिला आहे, आणि चार्ली पुढे कितीही ‘खरी’ ठरली तरी तो ढिलाच राहतो.

मालिकेच्या पहिल्या वर्षातील ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा १९६४ मध्ये प्रक्षेपित झाली. तिचे चित्रण आज उपलब्ध नाही. त्या काळी बीबीसीने फिती पुसून पुन्हा वापरल्या आणि साठच्या दशकातील अनेक भाग असेच गेले. परंतु काही प्रेक्षकांनी घरी दूरचित्रवाणी संचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून प्रक्षेपणाचा आवाज टिपून ठेवला होता, आणि त्यामुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे. २००३ मध्ये बीबीसीने ‘मार्को पोलो’चा हा आवाज तबकड्यांवर प्रकाशित केला. दृश्य कळावे म्हणून मधून मधून निवेदनाची वाक्ये घातली, आणि ती वाचली विल्यम रसेल यांनी, ज्यांनी १९६४ मध्ये त्याच कथेत इयानची भूमिका केली होती. तरुण इयान बोलतो, पाठोपाठ त्याच माणसाचा जवळजवळ चाळीस वर्षांनी थकलेला आवाज येतो आणि समोर वाळवंट पसरले आहे असे सांगतो. सर्वांत प्रमाण मानल्या जाणाऱ्या काळातील ही मूळ कथा आज श्रोत्यापर्यंत पोचते ती श्रुतिका म्हणून, निवेदनाच्या आधाराने, चाहत्यांच्या घरगुती ध्वनिमुद्रणातून. ती तबकडी आणि शेजारची बिग फिनिशची तबकडी एकापाठोपाठ ऐकली तर कोणती मूळ आणि कोणती आनुषंगिक हे वेष्टनावर वाचावे लागते.